मूड येत नाही म्हणजे नेमकं काय येत नाही?

*पत्र:* नमस्कार माई. मी मयेचा, वय २९. पणजीत एका छोट्या जाहिरात एजन्सीत चार वर्षं कॅप्शन, रीलची स्क्रिप्ट, कधी होर्डिंगची ओळ असलं लिहितो. क्लायंट बहुतेक रिसॉर्टवाले नाहीतर बिल्डर. आधी चोडणच्या फेरीबोटीत स्कूटर लावून उभा राहिलो की रायबंदरला पोचेपर्यंत दोन तरी आयडिया मिळायच्या. आता लॅपटॉप उघडून नुसता बघत बसतो. मूडच येत नाही. सर म्हणतात तू क्रिएटिव्ह माणूस, मूड तुझा तूच बनवायचा. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी महिन्याच्या बेस्ट आयडियाला दोन हजारांचं बक्षीस ठेवलं, तेव्हापासून तर काहीच सुचत नाही. आई म्हणते सरकारी नोकरीचे फॉर्म भर. मी आळशी आहे का? आळशी म्हणावं तर आमच्या वाड्यावरच्या, म्हणजे वस्तीतल्या, नरकासुराच्या पुतळ्यासाठी पंधरा पंधरा रात्री जागणारा मी. यंदा दोनच दिवस गेलो, मग नाही गेलो, ते जाऊदे. मूड आणायचा काही उपाय असेल तर सांगा.

*उत्तर:*

अरे पोरा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं नेहमीचंच आहे, कामाचा कंटाळा, सर, आणि आईचे फॉर्म (गोव्यात आई आणि सरकारी नोकरीचा फॉर्म वेगळे काढता येत नाहीत, माझ्या आईनेपण भरून घेतले होते, एकदा तर कृषी खात्याचा, मला भेंडीचं रोप ओळखता येत नव्हतं तेव्हा). दुसऱ्यांदा वाचताना बक्षिसाच्या ओळीवर थांबले. तिसऱ्यांदा थांबले ते 'ते जाऊदे'वर. ते मी जाऊ देणार नाहीये, पण त्याच्याकडे शेवटी येते, आधी तू विचारलंयस त्याचं बघू.

तू धरून चाललायस की आधी मूड येणार, मग काम होणार. सगळे असंच धरून चालतात, तुझे सरपण. पण हे उलटंपण असतं आणि बऱ्याचदा उलटंच असतं, म्हणजे काम थोडं पुढे सरकलं की त्याच्या मागून मूड येतो. हे माझं आजीछाप तत्त्वज्ञान नाही हां. टेरेसा अमाबिली म्हणून हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या संशोधक बाई आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ कंपन्यांतल्या २३८ लोकांना रोज संध्याकाळी छोटीशी डायरी लिहायला लावली, आज काय झालं, कसं वाटलं. जवळजवळ १२ हजार नोंदी जमल्या. मग बसून बघितलं की ज्या दिवशी माणसाचा मूड सगळ्यात चांगला होता त्या दिवशी असं झालं तरी काय होतं. पगारवाढ? कौतुक? नाही रे. त्यातल्या ७६ टक्के दिवशी स्वतःला महत्त्वाचं वाटणारं काम थोडंसं पुढे गेलं होतं, बस. आणि सगळ्यात वाईट मूडच्या ६७ टक्के दिवशी काम मागे ढकललं गेलं होतं, कुठेतरी अडलं होतं. मागे ढकलल्याचा फटका पुढे गेल्याच्या आनंदापेक्षा जोरात बसतो हेपण त्यात दिसलं, आणि ते तर तुला-मला संशोधनाशिवायपण माहीत आहे.

आता नरकासुराकडे बघ. पहिल्या रात्री नुसता सांगाडा, तोपण वाकडा. दुसऱ्या रात्री गवत बांधायचं. मग कागद, खळ, हाताला चिकटलेली ती खळ दुसऱ्या दिवशी ऑफिसात खरवडत बसायचं. पण सकाळी कामाला जाताना रस्त्यावरून तो दिसतो, काल कमरेपर्यंत होता आज खांद्यापर्यंत आलाय, आणि हे तुला एकट्याला नाही, अख्ख्या वाड्याला दिसतंय, दुधाला जाणारी काकीपण थांबून सांगते की हात बारीक झाले रे. आणि शेवटी दिवाळीच्या पहाटे जाळायचाच आहे, पैसा नाही, टिकणारी वस्तू नाही, तरी पंधरा रात्री. म्हणजे तुझ्यात मोटिवेशन नाही असं म्हणायला जागाच कुठे आहे?

आणि ऑफिसात काय होतं? तू काही लिहिलं नाहीस, पण मी थोडा अंदाज करते, चुकला तर सांग. सकाळी ओळ लिहितोस, दुपारी क्लायंट म्हणतो मजा नाही आली, कायतरी वेगळं द्या, वेगळं म्हणजे काय ते त्याला सांगता येत नाही, चार वाजता परत पहिलीच ओळ बरी होती म्हणतो, फाईलचं नाव फायनल, मग फायनल टू, मग फायनल फायनल, आणि पोस्ट गेली की दोन दिवसांत खाली सरकून गायब. दिवसभर राबूनपण खांद्यापर्यंत काही येत नाही. रोज सकाळी सांगाडा परत वाकडाच. असं चार वर्षं झाल्यावर लॅपटॉपकडे बघत बसणार नाही तर काय करणार माणूस?

तर पहिलं काम हे कर. तीन आठवडे, घरी यायच्या आधी पाच मिनिटं, वहीत लिही (फोनवर नको, फोन उघडलास की पाच मिनिटांची पंचेचाळीस होतात). आज माझं काय पुढे सरकलं आणि कशाने मागे गेलं, दोनच गोष्टी. एक अट, 'पुढे सरकलं' म्हणजे क्लायंटने पास केलं असं नाही, ते तुझ्या हातात नाहीये. तीन हेडलाईन लिहून त्यातल्या दोन तुझ्या तुलाच वाईट वाटल्या, तरी तेवढं सरकलं. मी हे केलं होतं मागे, एका ठिकाणी नोकरीत असताना, मला पक्की खात्री होती की माझे दिवस तिथल्या साहेबांच्या ओरडण्याने खराब होतात. वहीत दिसलं ते वेगळंच, ओरडण्याच्या दिवशी मी चक्क ठीक असायचे, खराब दिवस ते ज्या दिवशी सकाळी एक काम देऊन अकराला दुसरं दिलं आणि तीनला पहिल्याचं काय झालं म्हणून विचारलं. ते कळल्यावर निदान भांडायचं कशावर तेवढं तरी कळलं.

आता बक्षीस. ही गंमत आहे, ऐक.

मानसशास्त्रात एक जुनं कोडं आहे, कार्ल डुंकर ह्या जर्मन माणसाचं. टेबलावर एक मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांनी भरलेली डबी. मेणबत्ती भिंतीला अशी लाव की मेण टेबलावर सांडता नये. लोक मेणबत्तीलाच टाचण्या मारत बसतात, मेण वितळवून भिंतीला चिकटवायला बघतात, काय काय करतात. उत्तर सोपं आहे, टाचण्या ओतून टाक, रिकामी डबी भिंतीला टाचण्यांनी ठोक, त्यात मेणबत्ती उभी कर. पण डबीत टाचण्या भरलेल्या असल्या की ती डबी फळी म्हणून दिसतच नाही, टाचण्यांचं भांडं म्हणूनच दिसते.

१९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्ग ह्या मानसशास्त्रज्ञाने काही लोकांना सांगितलं, पटकन सोडवणाऱ्याला पैसे. त्या लोकांना बिनपैशांवाल्यांपेक्षा जास्त वेळ लागला! आणि टाचण्या डबीबाहेर ओतून ठेवल्या, म्हणजे उत्तर समोरच दिसत होतं, तेव्हा मात्र पैसेवाले पटकन सोडवून मोकळे. म्हणजे पैशाने माणूस सरळ रेषेत जोरात पळतो, पण जिथे आजूबाजूला बघायचं असतं तिथे पैसा डोळ्यांना झापड लावतो, घोडागाडीच्या घोड्यासारखी. मग १९८७ मध्ये ॲलिस आयझेन आणि त्यांच्या टीमने हेच कोडं दिलं, पण आधी काहींना एका विनोदी फिल्मचा तुकडा दाखवला, पैसे-बिसे काही नाहीत, नुसतं पाचेक मिनिटं हसवलं. आणि हसलेल्यांनी ते कोडं कितीतरी जास्त प्रमाणात सोडवलं. कोडं तेच.

आता तुझ्या सरांनी ठेवलेले दोन हजार आठव. तेव्हापासून सुचत नाही हे तू स्वतःच लिहिलंयस, आणि वर स्वतःलाच दोष देतोयस. बक्षीस आलं की आयडिया डोक्यात येताक्षणी 'ही जिंकेल का' हा प्रश्न तिच्या मानेवर बसतो, आणि नुकती जन्मलेली आयडिया कधीच जिंकण्यासारखी नसते रे, सगळ्या सुरुवातीला वेंधळ्याच दिसतात. शिवाय शेजारच्या टेबलावरच्या पोरीला आधी आपण अर्धी आयडिया सांगायचो, ती त्यात मीठ घालायची, आता ती स्पर्धक. (तिला विचार हवं तर, तिचंपण सुचणं कमी झालं असणार, पैज.) बक्षीस सगळीकडे वाईटच असं मी म्हणत नाही, नरकासुराच्या स्पर्धा असतातच की, पण तुम्ही पहिल्या रात्री सांगाडा बांधायला बसता ते बक्षिसासाठी नाही, मिळालं तर चवीला. तर तू तुझ्यापुरतं एक कर, त्या बक्षिसातून बाहेर पड. मनातल्या मनात नको, उघड, त्या पोरीला सांगून टाक की माझ्या आयडियाला तुझंच नाव लाव, मला नकोत ते पैसे, आपण आधीसारखं बोलू.

सरांचं म्हणशील तर ते वाईट नाहीत, त्यांना फक्त माहीत नाही. त्याच अमाबिली बाईंनी ६६९ मॅनेजरांना विचारलं होतं, माणसाला कामात हुरूप कशाने येतो, पाच गोष्टींना नंबर द्या. काम पुढे सरकण्याला पहिला नंबर देणारे जेमतेम ५ टक्के निघाले. तर सरांकडे मोटिवेशन मागायला जाऊ नको, ते तुला कसलातरी व्हिडिओ फॉरवर्ड करतील. वेळ माग. रोज सकाळचे दोन तास, साडेनऊ ते साडेअकरा, क्लायंटचे चेंजेस ह्या वेळात माझ्याकडे पाठवू नका, साडेअकरानंतर सगळे घेतो. एवढंच. आणि एक महिना ट्राय म्हणून माग, कायमचं मागितलंस की सर घाबरतील.

हे दोन तास का, तर घाईत सुचतं ही अफवा आहे. अमाबिलींच्याच डायऱ्यांत दिसलं होतं की वेळेचं प्रेशर जबरदस्त असलेल्या दिवशी नवीन काही सुचायची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी झाली, आणि त्याचा हँगओव्हर पुढच्या दिवसांवरपण राहिला. तू म्हणशील, पण माई, नरकासुराच्या शेवटच्या रात्री तर सगळ्यात भारी कामं होतात! होतात ना. कारण त्या रात्री अख्खा वाडा एकाच कामावर असतो, मधेच येऊन कोणी म्हणत नाही की जरा हा दुसरा नरकासुर पण बघ आणि तिसऱ्याची साईज काढून दे. घाई असून एकाच कामात बुडालेलं असणं वेगळं आणि घाईत पाच ठिकाणी तुकडे तुकडे होणं वेगळं, आणि एजन्सीतली घाई बहुतेक दुसऱ्या जातीची असते.

फेरीचं आता. आयडिया मिळायच्या, आता मिळत नाहीत म्हणतोस. फेरीत आता काय करतोस रे? मी सांगू? फोन काढतोस. लाईनमध्ये फोन, फेरीत फोन, समोर खारफुटी आहे, बगळा बसलाय, आणि हा माणूस दुसऱ्या एजन्सीच्या रील बघतोय. तुला आधी सुचायचं ते मांडवीच्या वाऱ्याने नाही, आदल्या संध्याकाळी वाचलेला ब्रीफ (क्लायंटला काय हवंय तो कागद) डोक्यात मुरत असायचा आणि फेरीत डोक्याला दुसरा धंदा नसायचा म्हणून. मुरायला दोन्ही लागतं, लोणच्यासारखंच, आधी आत काहीतरी घालायला लागतं आणि मग बरणी सारखी उघडून बघायची नाही. आता तू ब्रीफ सकाळी उघडतोस आणि फेरीत बरणीत भलतंच ओततोस. तर ब्रीफ संध्याकाळी ऑफिसातून निघायच्या आधी वाच, फेरीत फोन डिकीत, स्कूटरच्या डिकीत टाक अक्षरशः, खिशात ठेवलास तर हात जाणार. आणि दुपारी अडलास तर खुर्चीत बसून डोकं धरू नको, उठून कांपालपर्यंत चालून ये. स्टॅनफर्डच्या दोघांनी २०१४ मध्ये तपासलं होतं, चालताना लोकांना बसल्यापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचल्या, आणि ते काही समुद्रकिनारी चालत नव्हते, काही जण तर खोलीत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर. तुला तर मांडवी आहे, ऊन सोडलं तर तक्रारीला जागा नाही.

मूड वाईट असेल त्या दिवशी काय करायचं, तर वाईट मूडचं काम करायचं. हो, असं काम असतं. डोकं जरा उतरलेलं असलं की माणूस बारीकसारीक जास्त नीट बघतो, चुका पकडतो, सगळं भारी वाटत असतं तेव्हा त्याच चुका डोळ्यांखालून निसटतात. तेव्हा प्रूफं तपास, जुने रेट, बिलं, साईज काढणं, रिसॉर्टच्या नावातलं ते चुकीचं स्पेलिंग. आणि हो, आपल्याला बाहेरचे लोक सुशेगाद सुशेगाद, म्हणजे निवांत माणसं, म्हणतात ना, जसं काय हॅमॉकमध्ये पडलं की कविता होते, तसंपण नाहीये. २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यात क्रिएटिव्हिटीशी नातं दिसलं ते अंगात वारं शिरल्यासारख्या आनंदाचं, नुसत्या निवांत शांततेचं तेवढं नाही. म्हणजे ढोल वाजताना येतो तो मूड, दुपारी शीत-कडी जेवून येतो तो नव्हे. नुसती सुट्टी घेऊन चार दिवस झोपलास तर थकवा जाईल, आयडिया येतीलच असं नाही.

आणि एक, स्वतःच्या मूडवर फार विश्वास ठेवू नको. मी काही वर्षं लेखाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहायचे, 'छान मूड', 'जबरदस्ती', 'डोकं दुखतंय'. नंतर कोपरा झाकून ओळखायला बसले की कुठला कुठल्या मूडमध्ये लिहिला, एकपण धड ओळखता आला नाही. मला सगळ्यात आवडलेला लेख 'जबरदस्ती' निघाला, राग आला मला.

आता ते जाऊदे.

यंदा दोनच दिवस गेलास. कामाचा कंटाळा असलेला माणूस संध्याकाळी नरकासुराकडे पळत जातो, उलट जास्तच जातो, ऑफिसची कसर तिथे काढतो. तू तिथेपण गेला नाहीस. माझं वरचं सगळं ऑफिसबद्दल होतं आणि ते खरं आहे, पण हे ऑफिसचं नाहीये बहुतेक, म्हणून सरळ विचारते, सरळ उत्तर स्वतःला दे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस, बहुतेक रोज, असं चाललंय का की आधी आवडायचं तेपण आवडत नाही, झोप लागत नाही किंवा उठवत नाही, जेवण नकोसं, माणसं नकोशी, आपण काही कामाचे नाही असं सारखं वाटतं? 'मी आळशी आहे का' हा प्रश्नपण कधी कधी त्यातूनच येतो. असेल तर ह्याला मूड म्हणू नको. हा आजार असू शकतो, आणि तो माईच्या सदराने बरा होत नाही, पण बरा होतो.

तुला माहीत आहे का, ह्यावरचं एक मोठं काम आपल्याच गोव्यात झालंय. संगाथ संस्थेचे लोक आणि मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल ह्यांनी गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ लोकांवर अभ्यास केला, चांगलंच तीव्र डिप्रेशन असलेले लोक, २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नव्हे, इथलीच साधी माणसं, शिकवून तयार केलेली, त्यांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. मुख्य सूत्र काय माहितेय? मूड सुधारायची वाट बघत बसायचं नाही, आधी आवडायच्या त्या छोट्या छोट्या गोष्टी ठरवून, वेळ लिहून, परत करायला लागायचं. तीन महिन्यांनी ज्यांना ह्या बैठका मिळाल्या त्यांच्यातले ६४ टक्के बाहेर आले होते, ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यातले ३९ टक्के. म्हणजे मी सुरुवातीला सांगितलं ना, काम आधी, मूड मागून, तेच इथेपण आहे, फक्त इथे ते एकट्याने ओढायचं नसतं, बरोबर कोणीतरी लागतं, म्हणूनच हे सांगतेय.

तर वरच्या प्रश्नांना उत्तर 'हो' आलं तर फेरी-बिरी, दोन तास-बिस सगळं बाजूला ठेव, आधी डॉक्टरांकडे जा. डिचोलीच्या आरोग्य केंद्रात जा, नाहीतर बांबोळीला गोमेकॉजवळ (गोवा मेडिकल कॉलेज) आयपीएचबी हे मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे ओळखीचं कोणी दिसेल म्हणून लाजू नको, दिसलं तर तेपण त्याच कामाला आलेत. जायचं होत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि जगणं नकोसं वाटण्याइतकं कधी झालं तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच घटकेला फोन, आणि घरात आईला उठवायचं. फॉर्मवाल्या आईलाच. ती पहिल्यांदा ओरडेल आणि मग रात्रभर बसून राहील बाजूला.

उत्तर 'नाही' आलं, नुसताच दमलायस, तरी एक काम आहे. जत्रेच्या नाटकाची तालीम तुमच्या वाड्यावर आता सुरू होईल किंवा झाली असेल. जा. काम मागू नको, पार्ट घेऊ नको, कोणी विचारलं यंदा का नाही आलास तर 'बरं नव्हतं' म्हण, तेवढं पुरतं. नुसता कडेला बस अर्धा तास आणि चहा आण सगळ्यांना. आणि यंदाच्या नरकासुराचा मुखवटा तुझ्याशिवाय कोणी रंगवला आणि कसा झाला होता, ते विचारून मला लिहून कळव.